श्रेयांक आणि श्रवणसंस्कार

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



व्याख्यानमाला भरविणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक चिंता कायम सतावत असते. वक्ता वेळेवर येतो, दीपप्रज्वलन होते, सत्कार होतो. पण समोरच्या खुर्च्यांवर नजर टाकली की पिकलेल्या केसांचीच बहुसंख्या दिसते. तरुण पिढी कोठे आहे, हा प्रश्न आभारप्रदर्शनानंतरच्या चहाबरोबर हमखास निघतो. अलीकडे या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मिळू लागले आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी व्याख्यानाला, संगीतसभेला, ग्रंथप्रदर्शनाला, लेणी आणि किल्ल्यांच्या अभ्यासफेरीला येताना दिसतात. मात्र त्यांच्या हातात एक कागद असतो आणि त्यावर संयोजकांची सही हवी असते. कारण त्या उपस्थितीतून त्यांना श्रेयांक, म्हणजे महाविद्यालयात सर्रास ज्याला ‘क्रेडिट’ म्हटले जाते ते, मिळणार असते.

या बदलाचे स्वागत करावे की खेद मानावा, याविषयी मतभेद आहेत. काहींना वाटते की, ज्ञानाच्या ठिकाणी गुणांच्या आमिषाने येणे हा ज्ञानाचाच अवमान होय. इतरांचे म्हणणे असे की, कोणत्याही निमित्ताने का होईना, मुले आली हे महत्त्वाचे. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. श्रेयांक विद्यार्थ्याला सभागृहाच्या दारापर्यंत आणू शकतो. त्याला आत नेण्याचे सामर्थ्य त्या आकड्यात नाही. ते काम शिक्षकाचे, संयोजक संस्थेचे आणि अखेर त्या विद्यार्थ्याचे स्वतःचे आहे. ते कसे व्हावे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम श्रेयांक म्हणजे काय, हे समजून घेणे इष्ट ठरेल. ही कल्पना मूळची अमेरिकेतील. इ. स. १९०६ च्या सुमारास तेथील कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना हाती घेतली. निवृत्तिवेतन कोणाला द्यावयाचे, हे ठरविण्यासाठी आधी महाविद्यालय कोणाला म्हणावे, हे ठरविणे आवश्यक झाले. त्यासाठी विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी एखादा विषय किती तास शिकलेला असावा, याचे एक माप निश्चित करण्यात आले. ज्ञान मोजणे अवघड, पण तास मोजणे सोपे. म्हणून तास मोजले गेले. श्रेयांकाच्या जन्मातच त्याची सोय आहे आणि त्याची मर्यादाही आहे.

भारतात २९ जुलै २०२० रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झाले. २०२१ मध्ये विद्यार्थ्यांचे श्रेयांक एकत्र जमा ठेवणारी शैक्षणिक श्रेयांक पेढी अस्तित्वात आली. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध झाला. त्यानुसार ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक आणि वर्षभराच्या १,२०० तासांना ४० श्रेयांक, असे गणित मांडण्यात आले. महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमाच्या रचनेत मुख्य विषयांबरोबर मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, समाजसहभाग आणि सहअभ्यासक्रम यांना श्रेयांकांचे स्थान मिळाले. सहअभ्यासक्रमात क्रीडा, योग, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, सांस्कृतिक उपक्रम आणि ललितकला यांचा अंतर्भाव होतो. पूर्वी ज्याला ‘अभ्यासाव्यतिरिक्त’ म्हटले जाई, ते आता अभ्यासाच्या चौकटीत आले आहे.

तसे पाहता ही वाट अगदीच नवी नव्हे. गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तासांचे समाजकार्य ही तिची अट महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना परिचित आहे. शालान्त परीक्षेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे जादा गुण मिळविण्यासाठी रंगपेटी घेऊन बसलेली मुलेही घरोघरी होती. त्यांतील बहुतेक मुले गुणांसाठीच बसली, हे खरे. पण त्यांतील काहींचा हात पुढे आयुष्यभर कुंचल्यावरून सुटला नाही, हेही तितकेच खरे.

अमेरिकेत हा प्रघात दोन प्रकारे दिसतो. पहिल्या प्रकारात प्राध्यापक सांगतात की, अमुक नाटक पाहून किंवा अमुक व्याख्यान ऐकून दोन पाने लिहून आणा, काही जादा गुण मिळतील. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण संस्थाच तशी अट घालते. दक्षिण कॅरोलिना राज्यातील फर्मन विद्यापीठाने चार वर्षांत ३२ सांस्कृतिक कार्यक्रमांना उपस्थित राहणे पदवीसाठी आवश्यक ठरविले, हे त्याचे ठळक उदाहरण होय. पहिल्या प्रकारात ऐच्छिकता आहे, पण सातत्य नाही. दुसऱ्यात सातत्य आहे, पण सक्तीची छाया आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांना या दोहोंतून विवेकाने मार्ग काढावा लागेल.

सज्जनहो, सभागृहातील शिक्षणाचा इतिहास श्रेयांकाहून पुष्कळ जुना आहे. अमेरिकेत १८२६ साली जोसाया होलब्रूक यांनी मॅसॅच्युसेट्समधील मिलबरी या गावी ‘लायसियम’ नावाचे लोकशिक्षण मंडळ स्थापन केले आणि पाहता पाहता गावोगावी अशी मंडळे उभी राहिली. कॉन्कॉर्ड गावच्या अशाच मंडळात १८४८ साली हेन्री डेव्हिड थोरो यांनी व्यक्ती आणि शासन यांच्या संबंधांवर विचार मांडले. ते पुढच्या वर्षी निबंधरूपाने छापले गेले. सुमारे साठ वर्षांनी, १९०७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी यांनी त्या निबंधातील उतारे आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ पत्रात प्रसिद्ध केले. एका लहान गावातील व्याख्यान कोठवर पोहोचू शकते, याचे हे उदाहरण संयोजकांनी निराशेच्या क्षणी आठवावे. त्या संध्याकाळी हजेरी किती होती, याने त्या विचाराचे मोल ठरले नाही.

१८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराच्या काठी उन्हाळी व्याख्यानांचा प्रसिद्ध उपक्रम सुरू झाला. आणि अवघ्या एका वर्षाने, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ झाला. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सुट्टीचा काळ श्रवणासाठी वापरावा, ही एकच कल्पना एकाच सुमारास रुजली. पुढे १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने व्याख्याने आणि मेळे सामान्य माणसाच्या चौकात आणले. त्या श्रोत्यांना कोणी गुण दिले नाहीत. ज्यांना शाळेचे दार बंद होते, त्यांच्यासाठी मंडप हीच शाळा होती आणि श्रवण हाच अभ्यासक्रम होता.

शटॉक्वाच्या इतिहासातील एक गोष्ट मात्र आजच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. तेथील संयोजकांनी १८७८ मध्ये चार वर्षांचा गृहवाचनाचा क्रम आखला. सरोवरापासून दूर राहणारे शेतकरी, गृहिणी, दुकानदार घरी बसून नेमलेली पुस्तके वाचीत, आपापल्या गावी मंडळे करून चर्चा करीत, आणि क्रम पूर्ण करणाऱ्यांना प्रमाणपत्र दिले जाई. म्हणजे मान्यता देण्याची प्रथा तेथेही आली. पण ती वर्षभर केलेल्या वाचनासाठी होती, केवळ मंडपात बसण्यासाठी नव्हती. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता बक्षिसाचा मनावर होणारा परिणाम पाहू जाता मानसशास्त्रातील एक प्रयोग डोळ्यांपुढे येतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. बालवाडीतील ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढणे मुळातच आवडत होते, त्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला आधीच सांगितले की, चित्र काढल्यास बक्षीसपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता शेवटी तेच बक्षीसपत्र दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मुलांना मोकळे सोडून निरीक्षण केले, तेव्हा बक्षिसाच्या अपेक्षेने चित्र काढलेली मुले इतर दोन्ही गटांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. खेळाचे काम झाले आणि मोबदला संपताच कामही संपले.

यावरून बक्षीस सर्वथा त्याज्य, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. प्रयोगातील मुलांना चित्रकलेची गोडी आधीपासून होती. ज्याने आजवर शास्त्रीय गायनाची एकही बैठक ऐकली नाही, त्याच्या बाबतीत गमावण्याजोगी गोडीच अस्तित्वात नसते; त्याला दोन श्रेयांकांच्या निमित्ताने तानपुऱ्याच्या जवळ आणले, तर हानी होण्याचे कारण नाही. उलट, ज्या विद्यार्थिनीला वाचनाची उपजत ओढ आहे, तिच्या प्रत्येक पुस्तकाचा हिशेब मागितला, तर ती ओढ कोमेजू शकते. म्हणून श्रेयांक हा अपरिचिताच्या परिचयासाठी वापरावा, आवडीच्या मोजमापासाठी नव्हे. आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या क्षेत्राबाहेरचे कार्यक्रम विद्यार्थ्याने निवडावेत, असा संकेत महाविद्यालयांनी ठेवला, तर हा उद्देश बराचसा साधेल.

प्रत्यक्ष व्यवहारात काय घडते? हजेरीपटावर सही होते, भ्रमणध्वनीवर छायाचित्र निघते आणि मध्यंतरानंतर मागच्या रांगा ओस पडतात. काही ठिकाणी एकच मित्र चौघांच्या सह्या करतो. विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. पण व्यवस्थेने सहीच मागितली असेल, तर विद्यार्थी सहीच देणार. जे मोजले जाते, तेच पुरविले जाते.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. दोन श्रेयांक म्हणजे ६० तास. कार्यक्रम दोन तासांचा धरला, तर केवळ उपस्थितीच्या बळावर दोन श्रेयांक मिळविण्यास ३० कार्यक्रम लागतील. एका सत्रात ते शक्य नाही आणि शक्य झाले, तरी त्यातून मनात काही उरणार नाही. त्याऐवजी दहाच कार्यक्रम निवडावेत आणि प्रत्येकासाठी सहा तास द्यावेत: एक तास पूर्वतयारीच्या वाचनाला, दोन तास श्रवणाला, दोन तास टिपण लिहिण्याला आणि एक तास वर्गातील चर्चेला. बेरीज तीच साठ होते. पण त्या साठ तासांतील चाळीस तास विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कष्टाचे असतात. श्रेयांक आराखड्यातही तास मोजावयाचे ते अध्ययनाचे, खुर्चीवर बसण्याचे नव्हेत.

श्रवणाचे ज्ञानात रूपांतर कसे होते, याचा विचार भारतीय परंपरेने फार पूर्वी केलेला आहे. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच भेद सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. धार्मिक संदर्भ क्षणभर बाजूला ठेवला, तरी ही मांडणी कोणत्याही प्राध्यापकाला मूल्यमापनासाठी वापरता येईल. विद्यार्थ्याने विषय वाचला किंवा ऐकला काय? त्याने एखादी शंका विचारली काय? ऐकलेल्याचे चिंतन केले काय? ते पुन्हा उजळून पक्के केले काय? आणि दुसऱ्याला समजावून सांगितले काय? या पाच प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे मिळाली, तर हजेरीपटाची आवश्यकताच उरणार नाही. घरी गेल्यावर आजोबांना किंवा धाकट्या बहिणीला त्या दिवशीचे व्याख्यान दहा मिनिटांत सांगता येणे, ही सर्वांत कठीण आणि सर्वांत खरी परीक्षा होय.

संत गाडगेबाबांचे कीर्तन या दृष्टीने आठवावे. ते श्रोत्यांना स्वस्थ बसू देत नसत. प्रश्नामागून प्रश्न विचारीत, उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढीत. अक्षरओळख नसलेला श्रोताही तेथे विद्यार्थी होई. आजच्या कार्यक्रमांत प्रश्नोत्तरांसाठी राखलेली वेळ बहुधा मनोगतांत आणि सत्कारांत खर्ची पडते. विद्यार्थी समोर बसणार असतील, तर शेवटची वीस मिनिटे त्यांच्या प्रश्नांसाठी राखणे, हे संयोजकांचे कर्तव्य ठरते.

या योजनेत न्यायाचाही एक प्रश्न दडलेला आहे आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी, शहराच्या मध्यवस्तीत होतात. दुपारनंतर दुकानात काम करणारा विद्यार्थी, घरची जबाबदारी सांभाळणारी विद्यार्थिनी, शेवटची एस.टी. चुकली तर रात्री घरी पोहोचू न शकणारी ग्रामीण मुलगी, यांना ते श्रेयांक सहजासहजी मिळत नाहीत. ज्याच्याजवळ वेळ आणि वाहन आहे, त्यालाच संस्कृतीचे गुण मिळाले, तर ती संस्कृती कसली? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने गरीब मुलांच्या कष्टालाच शिक्षणाची प्रतिष्ठा दिली. तोच दृष्टिकोन येथे हवा. गावची ग्रामसभा, जत्रेतील भजनी मंडळाची परंपरा, आठवडी बाजारातील कारागिरांचे कौशल्य, वृद्धांकडून ऐकलेल्या ओव्यांचे संकलन यांनाही शहरातील सभागृहाइतकेच मोल मिळावे. कार्यक्रम सकाळीही ठेवावेत आणि काही कार्यक्रम तालुक्याच्या गावी न्यावेत. जो येऊ शकत नाही, त्याला तितक्याच तोलाचा पर्याय असलाच पाहिजे.

आता अशा संस्थांच्या उत्तरदायित्वाकडे वळणे उचित होईल, ज्यांच्या सभागृहात हे विद्यार्थी येतात. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या ट्रस्टजवळ वास्तू असते, ग्रंथसंपदा असते, कार्यकर्ते असतात आणि समाजाचा विश्वास असतो. महाविद्यालयांना या साऱ्याची गरज आहे. परंतु श्रेयांकामुळे मिळणारा श्रोता हा रिकाम्या खुर्च्या भरण्याचे साधन नव्हे. त्याला बांधून आणलेला श्रोता मानून प्रदीर्घ स्वागतपर भाषणे ऐकविली, तर तो श्रेयांक घेऊन जाईल आणि पुन्हा कधीही येणार नाही. संस्थेने एक तरुण कायमचा गमावलेला असेल.

दुसरी काळजी याहून नाजूक आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार शासनमान्य किंवा शासकीय अनुदानप्राप्त शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्याला त्याच्या, अथवा तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीविना धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. म्हणून उपासना आणि अध्ययन यांतील सीमारेषा संयोजकांनी स्वतःहून जपावी. पूजेला श्रेयांक असू नयेत आणि तशी अपेक्षाही असू नये. पण त्या परंपरेने निर्माण केलेली भाषा, कला आणि विचार हा सर्वांच्या अभ्यासाचा विषय आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबरच प्राकृत आणि पाली यांनाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. प्राकृत हस्तलिखितांचे प्रदर्शन भरवून ती वाचण्याची प्राथमिक ओळख करून दिली, तर मराठीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या भाषेचे घराणे उमजेल. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेला, मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जाणारा लेख ही कोणा एका समाजाची मिरास नाही. ती मराठी भाषेची मिरास आहे.

वेरूळ हे तर या विचाराचे मूर्तिमंत उदाहरण होय. तेथे एकाच डोंगररांगेत क्रमाने ३४ लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, पुढील सतरा हिंदू आणि ३० ते ३४ या क्रमांकांची जैन. तेथे अभ्यासफेरी काढून विद्यार्थ्याला केवळ आपल्याच परंपरेच्या लेण्यांपुढे थांबविणारा मार्गदर्शक फेरीचे सार्थक करीत नाही. ज्याला आपल्या शेजाऱ्याचे लेणे पाहावेसे वाटते, त्याचेच शिक्षण पुढे सरकते. या न्यायाने ट्रस्टच्या सभागृहात इतर समाजांतील विद्यार्थी यावेत आणि येथील युवकांनी मशिदीच्या वास्तुकलेवरील व्याख्यानाला, चर्चमधील संगीताला, बुद्धविहारातील चर्चेला जावे. अशा देवघेवीला दिलेला श्रेयांक सत्कारणी लागेल.

विद्यार्थी मित्रहो, श्रेयांक पेढीत जमा झालेले अंक सामान्यतः सात वर्षांपर्यंत वापरता येतात. ऐकलेल्या एका चांगल्या विचाराला अशी मुदत नसते. म्हणून सही जरूर घ्यावी, ती तुमच्या श्रमाची आहे. पण सही घेण्यापूर्वी वहीत एक प्रश्न लिहावा, जो व्याख्यानाला येताना मनात नव्हता. तो प्रश्न ज्या दिवशी सापडेल, त्या दिवसाचे दोन तास वाया गेले नाहीत, असे खुशाल समजावे. प्राध्यापकांनी तोच प्रश्न तपासावा आणि त्यालाच गुण द्यावेत.

पदवी पूर्ण झाल्यावर कोणी श्रेयांक देत नाही. त्या वेळी नोकरीवरून थकून परतलेला एखादा तरुण फलकावर व्याख्यानाची सूचना वाचून थांबला आणि सभागृहात येऊन शेवटच्या रांगेत बसला, तर महाविद्यालयात त्याला दिलेले श्रेयांक सार्थकी लागले असे म्हणता येईल. त्याच्यासाठी सभागृहाचे दार उघडे आणि व्यासपीठ त्याच्या योग्यतेचे ठेवण्याचे सामर्थ्य या संस्थेला पुढील पन्नास वर्षांतही लाभो, हीच या सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी सदिच्छा.